कॅसेटच्या गोदामातला वाघ

स्टुडिओवाल्यांनी कॅसेटच्या गोदामात जिवंत वाघ पाळलाय आणि कव्हरवाली मावशी त्याला रोज दुपारी आपल्या हातानं भरवते, अशी कुजबुज होती. न्हाव्याच्या दुकानात पोचेपर्यंत त्या वाघानं स्टुडिओचा एक हिशेबनीस खाल्लासुद्धा होता. हिशेबनीस तिथंच खुर्चीत दाढी करून घेत होता, पण रंगात आलेली गोष्ट अशा फुटकळ कारणासाठी कोण थांबवतो?

मावशी कुणाचीच मावशी नव्हती. पूर्वी ती थिएटरवरचे मोठे बोर्ड रंगवायची. परांचीवर चढून नायकाची एक नाकपुडी भरायला तिची सकाळ जायची. पुढे लोक घरी बसून सिनेमे बघायला लागले, बोर्ड गेले, आणि स्टुडिओच्या मालकांनी कॅसेटा विकायचा विभाग काढला. तो दिला मेहुण्याला. मेहुण्याला कुठंतरी चिकटवा म्हणून बायकोचा तगादा होताच. मागची भंगाराची शेड झाडून दिली, झालं. एका बाजूला कॅसेट भरायची यंत्रं, दुसऱ्या बाजूला खोक्यांची चळत, खिडकीशी मावशीचं टेबल.

मेहुण्यांना चोरीची भारी धास्ती. बाजारात यायच्या आधी सिनेमाची नक्कल बाहेर पडली तर? म्हणून कव्हर काढणारीलाही सिनेमा दाखवायचा नाही. गोष्टही सांगायची नाही. फक्त नाव सांगायचं, तेही कानात.

पहिलाच सिनेमा रडका. विधवा आई, दूर गेलेला मुलगा, शेवटी आगगाडी. नावावरून मावशीला काही उमगेना. तिनं वाघ काढला.

"वाघ का?" मेहुण्यांनी विचारलं.

"वाघ कुठंही चालतो."

कॅसेटा हातोहात खपल्या. मग काय, फर्मानच सुटलं: यापुढे सगळ्यांवर वाघ! विनोदी सिनेमावर हसरा वाघ, भुताच्या सिनेमावर पांढरा, आणि लग्नाच्या सिनेमावर नवरानवरीच्या मधोमध, रुसलेल्या व्याह्यासारखा बसलेला.

वर्षभर मजेत गेलं. मग कॅसेटा परत यायला लागल्या. एक आजीबाई तर स्वतः शेडमध्ये येऊन ठाकल्या.

"सिनेमा आवडला नाही का, आजी?" मेहुण्यांनी विचारलं.

"आवडला की. पण वाघ कुठाय?"

"अहो, ती दोन बहिणींची गोष्ट आहे."

"तेवढं कळतं मला. थोरलीला आता खाईल, मग खाईल म्हणून मी डोळ्याला डोळा लावला नाही. ती मेली सुखानं नांदायला गेली!"

परत आलेल्या कॅसेटांची रास पत्र्याला टेकली, तेव्हा मालक आले.

"महिनाअखेर शेडला कुलूप," ते म्हणाले. "मावशी, तुम्हीही दुसरीकडे बघा."

दुसरीकडे कुठं बघणार? बोर्ड रंगवायचा धंदा संपलेला. नवऱ्याची शिलाई मशीन तयार कपड्यांची दुकानं आल्यापासून झाकून ठेवलेली. घर चालत होतं ते या एका टेबलावर.

"भाऊजी, कव्हरं बदलतो ना!" मेहुणे गयावया करू लागले.

"पुढच्या वर्षाची छापून झालीत की नाही?"

"झालीत. घाऊक छापली की स्वस्त पडतात."

मालकांनी कपाळावर हात मारला. मावशीनं ब्रश पुसला.

"कव्हर बदलता येत नसेल तर सिनेमा बदला. प्रत्येकाच्या शेवटी थोडा वाघ घाला."

"आणि वाघ कुठून आणायचा?"

"तो मी आणते. कॅमेरा मात्र लांब लावा. जवळ कुणी आलं की बुजतो."

तेव्हापासून स्टुडिओच्या प्रत्येक कॅसेटमध्ये शेवटी एक वाघ उजवीकडून यायचा, जरा थांबायचा, डावीकडे जायचा. आईची आगगाडी सुटली की रिकाम्या फलाटावरून वाघ. थोरली बहीण सासरी गेली की अंगणातून वाघ. एका समीक्षकानं तो वाघ म्हणजे नियती असल्याचं लिहिलं. आजीबाईंनी नवी कॅसेट नेली ती परत आणली नाही. कुलूप राहिलं बाजूला, मालकांनी शेडला पंखा बसवून दिला.

आत पाऊल मात्र त्यांनी पुन्हा टाकलं नाही. दारातूनच विचारायचे, "वाघोबा बरे आहेत ना?" वाघ म्हटलं तरी खातो आणि वाघोबा म्हटलं तरी खातो हे त्यांना ठाऊक होतं, पण आपल्याकडून उणं नको. आतून खाकरल्याचा आवाज आला की ते पायऱ्या उतरलेले असायचे.

कॅसेटा गेल्या, डिस्क आल्या, कव्हरं बदलली. वाघ तोच राहिला. लोकांनी डिस्क घेणं सोडलं तेव्हा शेड बंद झाली. तोवर मावशीचं निवृत्तीचं वय झालं होतं.

तो वाघ म्हणजे मावशीचा नवरा. कातडं त्यानं शिवलं होतं आणि पट्टे मावशीनं रंगवले होते. पंजे बाह्यांनाच शिवलेले असल्यामुळे त्याला दुपारचा डबा स्वतःच्या हातानं खाता येत नसे.