आकाराम मुळिकाची खालची कवळी

पलटणीतनं पेन्शनीवर येणारी माणसं गावाकडं लोखंडी ट्रंक आणायची, खाकी कोट आणायची, हिंदीतल्या दोन-चार शिव्या आणायची. आकाराम मुळिकानं कॉर्नेट आणला. तीन कळांचा, पितळी, दीड वीत लांबीचा बाजा. सतरा वर्षं पलटणीच्या बँडात तो हाच वाजवत होता. निरोपाच्या दिवशी बँडमास्तरनं तो जुना बाजा त्यालाच देऊन टाकला.

पाटणच्या अलीकडं, कोयनेच्या काठावर त्याचं गाव. गावानं सुरुवातीला बाज्याला पिपाणी म्हणून हिणवून घेतलं. मग आकारामनं आसपासचे पाच पेन्शनर गोळा केले, ढोल आपल्या दोस्ताच्या, नाथाजीच्या गळ्यात अडकवला, आणि दोन लग्नसराया उलटायच्या आत 'मुळिकाचा बँड' पार सांगली-तासगावपर्यंत जाऊ लागला. वरात दोन गल्ल्या पलीकडं असली तरी म्हातारी माणसं अंथरुणातनं उठून ओट्यावर येऊन बसायची.

पण त्याच्या हिरड्यांना पू धरला होता. दात हलायला लागले आणि दर सणाला एक असे पडत गेले. उरलेले कऱ्हाडच्या डॉक्टरनं काढले आणि वर-खाली कवळ्या बसवल्या. वरची टाळूला छान चिकटून राहायची. खालची मात्र पाहुण्यासारखी, कधी उठेल याचा नेम नाही. बोलताना ती टकटक वाजायची.

"आवं, तुमी बोलताय का त्ये दात बोलत्यात?" बायको अंजना विचारायची. "एकानं कोनतरी बोला."

बाजा वाजवताना तर फारच पंचाईत. ओठ दातांवर घट्ट दाबल्याशिवाय कॉर्नेट बोलत नाही, आणि दाबलं की खालची कवळी निसटायची. तो जिभेनं तिला दाबून धरायचा, जबडा वाकडा करायचा, गालात कापसाचा बोळा कोंबायचा.

त्र्याहत्तर साली सांगलीजवळ लालासाहेब नावाच्या बागायतदाराच्या मुलीचं लग्न होतं. वेशीवर नवरदेवाला सामोरं जायचं होतं. लालासाहेब पूजेचं ताट घेऊन पुढं उभे, शेजारी भटजी. आकारामनं वरचा सूर धरला, लांबवला, आणखी चढवला, आणि खालची कवळी सुटली ती थेट त्या ताटात, नारळ आणि सुपाऱ्यांच्या मधोमध.

भटजींची नजर अधू. ते मंत्र म्हणत ताटातल्या एकेका वस्तूला हळद-कुंकू लावत होते. त्यांनी कवळीलाही लावलं आणि वर दोन अक्षता टाकल्या.

लालासाहेबांना आधी हसू आवरेना, मग ताट आवरेना. वऱ्हाड रस्त्यात बसून हसलं. नाथाजीनं प्रसंग ओळखून ढोल बडवायला घेतला. आकारामनं कुंकवासकट कवळी खिशात घातली, कोपऱ्यातल्या लिंबाखाली जाऊन बसला आणि बाजा पिशवीत बांधला. त्या गाठीकडं बघूनच नाथाजीनं ओळखलं, की गडी आता ती सोडणार नाही.

तिथं त्याच्याजवळ एक तरुण पाहुणा येऊन बसला. सांगलीचे दातांचे डॉक्टर, गोपाळकृष्ण त्यांचं नाव. नुकतेच अमेरिकेहून शिकून आले होते.

"मुळीक, जरा तोंड उघडता?"

"तुमाला बी हसायचंय?"

"नाही. बघायचंय."

त्यांनी बोटानं खालची हिरडी चाचपली. "नवी कवळी करून उपयोग नाही. हाड झिजून सपाट झालंय. कवळीला धरायला काही उरलंच नाही. पण एक उपाय आहे. बायकोला घेऊन या."

पंधरा दिवसांनी अंजनानंच नवऱ्याला एसटीत बसवून सांगलीला नेलं. डॉक्टरांनी प्लास्टरचा जबडा टेबलावर ठेवून समजावलं. हिरडी उघडून खालच्या हाडाचा ठसा घ्यायचा. त्या ठशावर मुंबईत धातूची जाळी ओतून घ्यायची. पुन्हा हिरडी उघडून ती हाडावर बसवायची आणि शिवून टाकायचं. जाळीचे चार खुंट हिरडीतनं वर राहतील आणि कवळी त्यांच्यावर घट्ट बसेल.

"म्हंजे आदी खाट मांडायची, मग वर गादी टाकायची," अंजना म्हणाली.

"अगदी तसंच."

"किती जनांच्या तोंडात मांडली तुमी ही खाट?"

"तिकडे आमच्या सरांच्या हाताखाली अकरा जणांच्या. इथे एकाच्याही नाही. हे पहिलंच असेल. आणि टिकेलच, असं मी छातीठोक सांगणार नाही."

अंजनानं नवऱ्याकडं पाहिलं. "मानूस खरं बोलतोय. करा म्हनावं."

गावात बातमी पोचली तेव्हा चावडीवर दुसरा विषय उरला नाही. हाडाला लोखंड ठोकणार, ते पावसाळ्यात गंजणार, असं काहींचं मत पडलं. नाथाजीनं तर त्याला बाजूला घेऊन फार काळजीनं सांगितलं, "गड्या, हितनं पुढं ढग वाजाय लागलं की तोंड मिटून बसत जा. ईज लोखंडावरच पडती."

पहिल्या वेळी जबड्याला भूल दिली होती, त्यामुळं आकारामला दुखत नव्हतं. पण काय चाललंय ते सगळं कळत होतं. घाबरल्यावर माणसं देवाचं नाव घेतात, याच्या मनात पलटणीच्या कूचाची धून सुरू झाली. पाय आपोआप ठेका धरू लागला.

"मुळीक, पाय थांबवा," डॉक्टर मास्कमधून म्हणाले. "माझा हात तुमच्या ठेक्यावर चालायला लागलाय."

हाडावर दाबलेला मऊ लगदा घट्ट झाला, ठसा निघाला, टाके पडले. तीन आठवड्यांनी मुंबईहून जाळी आली. नालासारखी वाकलेली, चकचकीत, मुठीत सहज मावणारी. आकारामनं ती तळहातावर घेऊन पाहिली.

"येवडीशी? म्या म्हनलं मोटंची लोखंडी कांब असंल."

दुसऱ्या वेळी ती आत गेली. तोंड भोपळ्यागत सुजलं. अंजनानं बरेच दिवस पेज, आंबील आणि कुस्करलेला भात एवढंच चारलं आणि बोलायची बंदी असल्याचा फायदा घेऊन वीस वर्षांचं साठलेलं सगळं त्याला ऐकवलं. सूज उतरल्यावर डॉक्टरांनी नवी कवळी त्या चार खुंटांवर बसवली. खट् झालं. आकारामनं जीभ फिरवली, जबडा हलवला, डोकं झाडून पाहिलं. कवळी जागची हलली नाही. घरी येऊन त्यानं भाकरीचा कडक पापुद्रा मोडून खाल्ला आणि घाईत स्वतःचाच गाल चावला.

"ऊस सोलायचा नाही, सुपारी फोडायची नाही," डॉक्टरांनी बजावलं होतं. "रोज खुंट घासायचे. आणि तीन महिने बाजा नाही."

"तीन म्हैन्यांनी?"

"ते मलाही माहीत नाही. माझ्या समोर वाजवा, मग बघू."

तीन महिन्यांनी आकारामनं पिशवीची गाठ सोडली आणि दवाखान्यातच कॉर्नेट ओठांना लावला. बाहेर गाल धरून बसलेले रोगी दारात गोळा झाले. त्यानं श्वास भरला, फुंकला. फुस्स. पुन्हा फुंकला. म्हशीनं नाक फेंदारावं तसा आवाज.

डॉक्टरांनी टॉर्च घेऊन एकेक खुंट तपासला आणि खूश झाले. "जरासुद्धा हललं नाही! मुळीक, जमलं!"

"तुमचं जमलं, डाक्टरसायेब," आकाराम खाली बघून म्हणाला. "दात जाग्यावर हायती. वाजवनारा कुटं गेला?"

सहा-सात महिने बाजा बंद होता. ओठ आपलं काम विसरले होते. परतीच्या एसटीत त्यानं पिशवीची गाठ पुन्हा आवळली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाथाजी ढोल घेऊन दारात हजर. "चल रं. पलटनीत पयल्या दिवशी कसा वाजवला हुतास?"

"लय वंगाळ."

"मग आज बी तसाच वाजीव."

दोघं नदीच्या काठी जाऊन बसू लागले. एकच सूर, पुन्हा तोच सूर. ओठ सोलले, सुजले, बरे झाले. शेजारची बनाबाई तक्रार घेऊन आली, "अंजना, तुज्या दादल्याला सांग. ह्या आवाजानं माजी म्हस पान्हा सोडंना." अंजनानं तिला रोज तांब्याभर ताक द्यायचं कबूल केलं, पण नवऱ्याला काही सांगितलं नाही. आठ महिने गेले. मार्गशीर्षात एका सकाळी नदीकडनं पलटणीच्या कूचाची ती जुनी धून सलग, न अडखळता, शेवटपर्यंत ऐकू आली. अंजना तव्यासमोर बसली होती. भाकरी पार काळी झाली तेव्हा तिनं ती उचलली.

पुढं डॉक्टर गोपाळकृष्णांनी त्याला पुण्याला दंतवैद्यांच्या सभेत नेलं. तासभर तो तोंड उघडून बसला आणि चाळीस डॉक्टर टॉर्च घेऊन रांगेनं डोकावले. एक वयस्कर प्राध्यापक म्हणाले, हे फार दिवस टिकायचं नाही. दुसरे म्हणाले, टिकेल. वाद इंग्रजीत पेटला. आकारामचा जबडा अवघडला होता. त्यानं शेवटी तोंड मिटलं, पिशवीतनं कॉर्नेट काढला आणि असा काही फुंकला, की बाहेरचा शिपाई धावत आत आला. वाद काही मिटला नाही. पण त्यानंतर चहा मात्र लगेच आला.

मुळिकाचा बँड पुन्हा सुरू झाला आणि सत्त्याहत्तर, अठ्ठ्याहत्तरच्या लग्नसरायांत खंडाळ्यापासून जतपर्यंत फिरला. दर सहा महिन्यांनी आकाराम सांगलीला जाऊन खुंट दाखवायचा. एकदा हिरडी सुजली, औषधानं उतरली. एकोणऐंशीच्या उन्हाळ्यात त्यानं आपण होऊन वराती बंद केल्या. गाव म्हणालं, दातांनी दगा दिला असणार. खरी गोष्ट अशी, की पासष्टीत छाती भरून येईना, चढावर दम लागायचा. दातांची काही तक्रार नव्हती.