निकाल न ऐकणारा माणूस

अमेरिकेतल्या बास्केटबॉलच्या अंतिम मालिकेत तीन-तीन अशी बरोबरी होती, आणि सातव्या सामन्याचा फोनवर वाचलेला निकाल मी लिफ्टमध्ये सांगून टाकला. तेव्हा मी एकसष्टची होते, नुकतीच स्मार्टफोन शिकलेली, म्हणजे अक्कल फोनला देऊन मोकळी झालेली.

"अभिनंदन! जिंकलात तुम्ही!"

दिल्लीत द्वारकेच्या आमच्या सोसायटीतले खालच्या मजल्यावरचे हे शेजारी सरकारी नोकरीत, आणि त्या जिंकलेल्या संघाचे वेडे चाहते. सामना आपल्याकडे सकाळी, नेमका ऑफिसला निघायच्या वेळी. म्हणून ते दिवसभर फोन बंद ठेवत, मेट्रोत कानांत कापसाचे बोळे घालून बसत आणि संध्याकाळी रेकॉर्डिंग लावत. ते बघून झालं, की मगच आठव्या मजल्यावरच्या, समोरच्या संघाच्या बाजूच्या सरदारजींशी भांडण. "यार, तुम्हारा सेंटर खेलता है या मॉर्निंग वॉक करता है?"

त्या दिवशी घर आलं म्हणून बोळे नुकतेच काढले होते. ते हातातच राहिले. चेहरा मात्र पार उतरला.

ओशाळून मी शिऱ्याची वाटी घेऊन गेले. "या, आता सोबत बघा," ते म्हणाले. टीव्हीचा आवाज इतका मोठा, की स्टेडियमच्या आरोळ्यांनी खिडकीच्या काचा थरथरत होत्या. गृहस्थ एकदाही बसले नाहीत. सोफा ते बाल्कनी, बाल्कनी ते सोफा. कुणी नेम धरला, की डोळे मिटून मलाच विचारायचे, "गेला का? गेला?"

सामना संपला. जिंकले. घाम पुसत ते माझ्याकडे वळले.

"काकू, खरं सांगू? शेवटच्या मिनिटाला मला वाटलं, तुम्ही खोटं बोललात."