काकडीची फवारणी रश्श्यात

मंडळी, नेट कॅफेत येऊन लिहितेय, अजून हसू आवरंना!

आमच्या शिरोळच्या रानात काकडीवर भुरी पडली. पानांवर नुसतं पांढरं पीठ. मी लसूण वाटून पाण्यात भिजवला, गाळून एका सरीवर फवारला. सासरे म्हणाले, "रोगाला फोडणी घालतीस व्हय?"

पण त्या सरीची नवी पानं हिरवीगार निघाली! म्हणून आज सगळ्या रानावर फवारायचं ठरवलं. पंप घेऊन स्वयंपाकघरात गेले, तर रात्री भिजवून ठेवलेल्या लसणाच्या अर्काचं पातेलं रिकामं.

"आत्या, ह्यातलं लसणाचं पाणी?"

"पावणं आल्यात की. रश्श्यात वतलं," सासूबाई निवांत.

मी पंप तिथंच टाकून रश्श्याकडं धावले. मग आठवलं, पानाला चिकटायला साबण घालतात, तो घालायचा राहिला होता. वाचलो!

बाहेर पाहुणे बोटं चाटत होते. सासऱ्यांना हळूच खरं सांगितलं. वाटलं, आता भडकणार. त्यांनी वाटी पुढं केली. "आणखी वाढ. आणि उद्या दोन पातेली भिजव. रान मी फवारतो."

तुमच्यापैकी कुणी लसणाचा अर्क वापरलाय का?

पिकावर म्हणतेय हं!