आधी खोड सांगायची

माझे मोठेबाबा गुरांच्या बाजारात दलाल होते आणि बैल दाखवताना सुरुवातच त्याच्या खोडीपासून करायचे. गिऱ्हाइकाने अजून दातसुद्धा पाहिलेले नसायचे, तेवढ्यात यांचं सुरू, "वखराले चांगला हाये, पण गाडीले जुपला का मधातच बसते. पटत असन त पुढं बोलू." विकणारा कपाळावर हात मारून घ्यायचा. माझे वडील, म्हणजे त्यांचे धाकटे भाऊ, घरी आल्यावर चिडायचे, "दादा, तुमी दलाली करता का बैलाची बदनामी?" मोठेबाबांचा आवाज मग त्यांच्याहून वर चढायचा. "बदनामी काहून? बसते त बसते म्हनतो. उद्या त्याची कापसाची गाडी भर रस्त्यात अडली म्हंजे शिव्या कोनाले बसतीन?"

माणूस तापट. गावात त्यांना कुणी प्रेमळ म्हटलेलं मी तरी ऐकलेलं नाही. पण भातकुलीच्या आसपास कितीतरी गोठ्यांत त्यांच्या हातचे बैल होते, आणि ते घेणारे पुढच्या खेपेलाही त्यांचाच आरडाओरडा ऐकायला यायचे.

बाजाराचे आपले शब्द असतात. दोन दाती म्हणजे जवान, जुळला म्हणजे सगळे दात आलेला. मारका म्हणजे शिंग उगारणारा आणि गरीब म्हणजे लेकरू पोटाखालून गेलं तरी पाय न हलवणारा. भाव रुमालाखाली बोटं धरून ठरतो, बाकीच्यांना कळू न देता. मोठेबाबा म्हणायचे, "भाव झाका, खोड झाकू नोका." आमच्याकडे इसार हातात घेण्याआधी विकणाऱ्याने जनावराच्या पाठीवर हात ठेवून त्याची खोड सांगायची, नसली तर नाही म्हणून सांगायचं, अशी रीत. त्या हातावर मोठेबाबांचा भारी विश्वास. मी अकोल्याला जठारपेठेत मोबाइलचं दुकान चालवतो, पावतीशिवाय चार्जर बदलून देत नाही. मला त्या विश्वासाचं हसू यायचं.

गेल्या पोळ्यानंतर त्यांनी घरच्यासाठी बैल घेतला. जुळलेला, पांढरा, पाहिला की नजर हटू नये असा. विकणारा व्यापारी बोलायला गोड. त्याने बैलाच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "काका, गाय समजा. एकदम गरीब." वडील म्हणाले, जुपून पाहू एकदा. मोठेबाबा त्यांच्यावरच खेकसले, "त्यानं पाठीवर हात ठेवला ना? मंग आता काय त्याच्या बापाले इचारू?"

आल्या आल्या बैल सुस्त होता, मान खाली घालून उभा. मग एका सकाळी मोठेबाबा गव्हाणीत सरकीची ढेप टाकायला वाकले आणि त्याने त्यांना शिंगांनी भिंतीशी दाबलं. जीपमध्ये अमरावतीपर्यंत त्यांचं डोकं वडिलांच्या मांडीवर होतं. कण्हत एकच म्हणत होते, "पाठीवर हात ठेवला होता रे त्यानं." दवाखान्याच्या दारातच ते गेले.

मी त्या व्यापाऱ्याला फोन लावला. "भाऊ, लय वाईट झालं," तो म्हणाला, "पन बाजारात सगळेच बोलतात. माल आपनच पाहून घ्याचा असते." बैलाला गुंगीची गोळी घालून आणला होता का, असं विचारलं तर त्याने फोन कापला. माल म्हणे! एक माणूस जिवानिशी गेला आणि याची जीभ अडखळलीसुद्धा नाही. तेराव्याला आलेले शहाणे वर मलाच समजावत होते, झालं ते झालं, जाऊ दे. काय म्हणून जाऊ दे? आजही ते आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

बैल घरात ठेवायची सोय नव्हती. वडील गोठ्यात पाय टाकायला घाबरायचे. म्हणून त्याला बाजारात न्यायचं ठरलं, मीही दुकान बंद करून आलो. मोठेबाबांच्या जागी बसणारा नवा दलाल मोठीआईला, म्हणजे त्यांच्या बायकोला म्हणाला, "वहिनी, तुमी फक्त गप राहा. मी गरीब म्हनून इकून देतो, दुपारपर्यंत मोकळे."

मोठीआई त्या बाजारात जन्मात कधी आली नव्हती. वडील आणि मी दोन्हीकडून कासरे ताणून उभे होतो. तिने पदर खोचला, बैलाच्या पाठीवर हात ठेवला आणि ओरडली, "हा मारका हाये. माह्या मालकाले यानंच मारलं. घ्याचा असन त हे आयकून घ्या." माणसं गोळा झाली आणि पांगली. भाव कुणीच विचारला नाही. दलाल हात जोडून निघून गेला.

तेवढ्यात पलीकडच्या खुंट्यावरून आवाज आला, "एकदम गरीब. गाय समजा." तोच व्यापारी! एक हात नव्या बैलाच्या पाठीवर, दुसरा रुमालाखाली एका म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या हातात. मी त्याच्या अंगावर धावून जाणार होतो, पण माझ्या हातात कासरा होता.

"भाऊजी, याले तिकडं घ्या," मोठीआई वडिलांना म्हणाली. आम्ही बैल त्यांच्यासमोर नेऊन उभा केला. व्यापाऱ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. त्या म्हाताऱ्याला म्हणाली, "बावा, हा बी गरीबच होता. याच हातानं देल्ला होता. माह्या कपायाकडं पाहा."

म्हाताऱ्याने तिच्या कपाळाकडे पाहिलं. मग बैलाकडे पाहिलं आणि रुमालाखालून हात काढून घेतला. व्यापारी बोंबलायला लागला, धंद्याच्या आडवं येऊन राहिली म्हणून. मोठीआई तेव्हा कुठे त्याच्याकडे वळली. "पयले त्याच्या पाठीवरचा हात काढ," ती म्हणाली. सगळा बाजार पाहत होता. त्याने काढला.

आता मोबाइलवर खरेदी-विक्रीच्या ग्रुपमध्ये बैलांचे व्हिडिओ येतात, खाली लिहिलेलं असतं 'गरीब जोडी, लेकरू सोडा'. प्रत्येकाला मी विचारायचो, खोड सांगा. ग्रुप चालवणाऱ्याने मला काढून टाकलं. टाकू दे, दुसरे ग्रुप आहेत.

बैल आम्ही घरी परत आणला. तो अजून गोठ्यातच आहे. मोठीआई लांबूनच त्याच्यापुढे कुटार सरकवते. दारात पाहुणा दिसला की या-बसा म्हणायच्या आधी तिचा आवाज चढतो, थेट मोठेबाबांसारखा, "तिकडून या! हा मारका हाये."