दिनेशच्या टँकचा पंप

मंडळी, घरात समुद्री मासे आणि प्रवाळ पाळणाऱ्यांचा आमचा वसई-विरारचा क्लब नेमका कशासाठी, असं तुम्ही विचारता. सदस्य वारला तर त्याच्या टँकमधले जीव बाकीच्यांनी जगवायचे, यासाठीही.

आज दुपारी आम्ही काही सदस्य विरारला दिनेशच्या घरी गेलो. तो गेल्या महिन्यात अचानक गेला. मासे, प्रवाळ बादल्यांत भरून झाल्यावर मी पंपाचा प्लग काढायला वाकलो.

"तो चालू राहू द्या भाऊजी," वहिनी म्हणाल्या. "आवाज येत असला की हे टँकपाशी बसलेत असं वाटतं."

नुसतं खारं पाणी फिरत ठेवून आम्ही निघालो.

आमच्या पंपाच्या घरघरीवर बायको रोज चिडते. मघाशी दिनेशचं प्रवाळ आमच्या टँकमध्ये ठेवताना तिला वहिनींचं बोलणं सांगितलं. ती म्हणाली, "हा पंप बरीच वर्षं चालतो ना रे?"