थांबाकाकांनी शोधलेला आवाज

आमच्या संगणकांची देखभाल करणाऱ्या काकांना कुणी नावाने हाक मारत नाही. कसलाही बिघाड सांगा, त्यांचा पहिला शब्द 'थांबा', म्हणून ते थांबाकाका. चष्मा कपाळावर ठेवून तोच चष्मा सगळ्या खोल्यांतून शोधत हिंडणारा हा माणूस, आणि मी जन्माची उतावळी. आमचं सख्य विळ्याभोपळ्याचं.

आम्ही अंधांसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करतो. आतल्या, भिंतींना जाड कापड लावलेल्या खोलीत वाचक वाचतात. बाहेर बसून मी त्यांचे खोकले, अडखळणं कापून काढते. दोन्ही खोल्यांचं 'वाचन' नावाचं सामायिक फोल्डर जिन्याखालच्या मोठ्या संगणकात असतं. रोज सकाळी प्रत्येक खोलीतल्या संगणकावर पासवर्ड टाकून ते हाताने जोडावं लागे. कुणी ना कुणी विसरायचंच. शेवटी मीच काकांच्या मागे लागले, की संगणक सुरू झाला की फोल्डर आपोआप जोडलं गेलं पाहिजे.

त्याच सुमारास मावशीचं, म्हणजे आईच्या धाकट्या बहिणीचं, घशाचं ऑपरेशन ठरलं. मावशी आमची सगळ्यांत जुनी वाचक. आवाज परत येणार नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. म्हणून तिने हातातली कादंबरी गरम पाण्याचे घोट घेत हट्टाने वाचून संपवली आणि मगच दवाखान्यात गेली. मी तिच्या उशाशी होते, तेवढ्यात काकांनी आपोआप जोडणीचं काम उरकलं.

परत आल्यावर पाहते तो बाकी सगळ्यांची पुस्तकं जागच्या जागी, आणि मावशीची शेवटची, मी अजून कापायला न घेतलेली प्रकरणं गायब. आतल्या खोलीतल्या संगणकावरही तेच. प्रकरणं दुसऱ्या कुणीही वाचली असती, पण मावशीचा आवाज कुठून आणायचा?

काकांवर मी यथेच्छ तोंडसुख घेतलं. चांगलं चाललेलं बिघडवून ठेवलंत, असंही म्हणाले.

"थांबा. आता कशालाही हात लावू नका," ते म्हणाले. "मावशी रोज न चुकता फोल्डर जोडायच्या का?"

"म्हणजे काय? मीच शिकवलंय तिला."

काका गालातल्या गालात हसले, त्याने मी आणखीच तापले. ते आतल्या खोलीत गेले, आपोआप जोडणी बंद केली आणि संगणक पुन्हा सुरू केला. आता 'वाचन' रिकामं दिसायला हवं होतं. पण त्यात मावशीची ती सगळी प्रकरणं ओळीने बसलेली होती.

मग त्यांनी समजावलं. सामायिक फोल्डर ज्या जागी जोडतात, तिथे त्याच नावाचं एक रिकामं फोल्डर या संगणकावरही असतं. जोडणी करायची राहून गेली, तरी ते तक्रार करत नाही. द्याल ते मुकाट्याने ठेवून घेतं. जोडणी झाली, की गादीवर चादर घालावी तसं खालचं झाकलं जातं. काकांनी प्रकरणं मोठ्या संगणकात हलवली आणि खालचं फोल्डर कुलूपबंद केलं. आता जोडणी नसेल तर ध्वनिमुद्रण सुरूच होणार नाही. हे आधीच करायला हवं होतं, असं ते स्वतःच पुटपुटले.

खात्री करायला मी शेवटचं प्रकरण लावलं. कादंबरी संपली, खुर्ची करकरली, आणि मावशी स्वतःशीच बोलली, "अगं बाई, ते जोडायचं आजही राहिलंच वाटतं. जाऊ दे. थांबाकाका आहेत, ते काढतील शोधून."

काका वळले आणि चष्मा शोधायला लागले. तो कपाळावरच होता, पण मी त्यांना शोधू दिलं.

असली वाक्यं कापणं हेच माझं काम. पुस्तकातून मी ते कापलं, पण जपून ठेवलं आणि संध्याकाळी मावशीला ऐकवलं. ती आवाज न करता पोटभर हसली, मग माझा हात घट्ट धरून बसली. थांबाकाकांचे हे उपकार कसे फेडायचे, मला ठाऊक नाही. ते 'थांबा' म्हणाले, की हल्ली मी थांबते.