अप्पांनी कान लावेपर्यंत

सोलापूर सोडलं त्या दिवशी मी अप्पांच्या पायांना हात लावला, पण त्यांचं तोंड काही पाहिलं नाही. रिक्षा गॅरेजच्या दारात उभी होती, बॅगा चढवून झाल्या होत्या, आणि माझे वडील एका टेम्पोखाली पाठीवर आडवे पडले होते. बाहेर दिसत होते फक्त पाय, भेगाळलेले, ग्रीसनं माखलेले. मी वाकून नमस्कार केला. खालून आवाज आला, "इंजिन काडायला येळ लागत न्हाय. बसवताना कळतंय." एवढंच. अव्वानं, माझ्या आईनं, पिशवीत कडक भाकरी कोंबल्या, कानडीत "होगि बा" म्हणाली, म्हणजे जाऊन ये, आणि रिक्षावाल्यावरच ओरडली की गाडी चुकेल म्हणून. मी वळून वळून बघत होतो. ते पाय हलले नाहीत.

त्याला आता आठ वर्षं झाली. तुमच्यापैकी जे तिथंच राहिले त्यांना वाटतं, आम्ही गेलो आणि सुटलो. जे माझ्यासारखे निघून आले ते असलं काही बोलत नाहीत, कारण त्यांना बसवतानाचा त्रास ठाऊक आहे. मी न्यूझीलंडमध्ये हॅमिल्टनला असतो, दुधाच्या कारखान्यात मशिनं दुरुस्त करतो. अव्वानं ऐन एप्रिलच्या उन्हात नवी पेठेतून घेतलेला स्वेटर अजून अंगात आहे. त्या दिवशी दुकानदारानं तिच्याकडे असं पाहिलं होतं की जणू बाईंना ऊन लागलंय.

अक्कलकोट रस्त्यावरच्या आमच्या गॅरेजच्या पाटीवर अप्पांनी मी दहावीत असतानाच "ॲन्ड सन" लिहून घेतलं होतं. माझं मत कुणी विचारलं नव्हतं. पण खरं सांगायचं तर मला ते काम आवडायचं. शाळेतून येऊन मी नट रॉकेलमध्ये धुवायचो, कॉलेजात गेल्यावर इंजिनं उतरवायचो, आडव्या गर्डरला टांगलेल्या चेन-कप्पीनं. आवडायचं नाही ते शेवटचं. गाडी कुणीही उघडो, कुणीही जोडो, अप्पांनी कान लावल्याशिवाय ती गॅरेजबाहेर जात नसे. लाकडी मुठीचा एक लांब स्क्रू-ड्रायव्हर होता. त्याचं टोक चालू इंजिनावर टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची, आणि डोळे मिटायचे. त्या वेळी गिऱ्हाईकसुद्धा गप्प बसायचं. मग अप्पा डोळे उघडून एक तर "खोल परत" म्हणायचे, नाही तर "जाऊ दे भाईर". मला सात वर्षांत बहुतेक वेळा "खोल परत"च मिळालं. इथं यायचं ठरवलं त्यात या रागाचाही वाटा होता, हे आज कबूल करतो.

इथं माणसं शनिवार-रविवारी घरच्या गॅरेजात गाड्या उघडून बसतात. हौस म्हणून, बरं का. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला हसूच आलं, सुट्टीच्या दिवशी कुणी ग्रीसमध्ये हात घालतं का? दोन वर्षांपूर्वी मीच एक जुनी जपानी स्पोर्ट्स कार आणली. दोन सीटची, लाल, इंजिन जळून बसलेलं. कविता, माझी बायको, म्हणाली, "सोलापूरहून पळून आलास ते हेच करायला?" मी बॉनेट उघडलं.

त्या गाडीत मी रोटरी इंजिन बसवायचं ठरवलं. या इंजिनात पिस्टन नसतो. फुगीर बाजूंचा एक तिकोनी रोटर लंबगोल पोकळीत गरागरा फिरतो, तोच पेट्रोल ओढतो, दाबतो, जाळतो. मी फोटो पाठवले तेव्हा अप्पांनी व्हिडिओ कॉलवर माझी उलटतपासणी घेतली.

"पिस्टन कुटं हाय?"

"नाहीच अप्पा यात."

"मग वर-खाली काय होतंय?"

"काहीच नाही. नुसतं फिरतं."

अप्पांनी फोटो मोठा करून पाहिला. "समोसा घातलाय की रं आत," म्हणाले. पण त्या दिवसापासून रोज सकाळी त्यांचा मेसेज यायला लागला, कुठवर आलं म्हणून. मी इथं आल्यापासून आम्ही दोघं इतकं कधी बोललो नव्हतो.

जुनं इंजिन मी एका दुपारी उतरवलं. नवं बसवायला चौदा महिने लागले. कुठलीच जागा त्याच्यासाठी केलेली नव्हती. इंजिनाचे पाय टेकवायला नव्या ब्रॅकेट कापून वेल्ड केल्या, गिअरबॉक्स जुळवायला मधली प्लेट करून घेतली, वायरिंग तर तीनदा उसवलं. टेम्पोखालून आलेलं ते वाक्य त्या दिवसांत फार आठवायचं. तेव्हा मला वाटलं होतं, अप्पांना निरोपाच्या वेळीही इंजिनंच सुचतात.

गेल्या महिन्यात इंजिन सुरू झालं. गाडी रस्त्यावर काढण्याआधी इथं तपासनीसाकडून कागद घ्यावा लागतो, त्याची तारीखही मिळाली. पण माझ्या मनानं घेतलं होतं की अप्पांनी ऐकल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर न्यायची नाही. कुणी सक्ती केली नव्हती. मलाच ते "जाऊ दे भाईर" हवं होतं, आणि त्यासाठी मी चौदा महिने राबलो होतो, हे इंजिन सुरू झाल्यावर माझ्या ध्यानात आलं.

रविवारी दुपारी फोन लावला, सोलापुरात सकाळचे आठ. अप्पा गॅरेजातल्या स्टुलावर धुतलेला शर्ट घालून बसले होते. मी चावी फिरवली, इंजिन गरजलं, मी फोन अगदी बॉनेटजवळ धरला.

"चालू कर की," अप्पा म्हणाले.

"चालूच आहे!"

त्यांनी फोन एका कानाला लावला, मग दुसऱ्या. पुन्हा पडद्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा कसा उतरत गेला ते मी बघत होतो, आणि इकडे सगळी गल्ली दणाणत होती. मग पडद्यावर नुसते छताचे पत्रे आले. फोन ठेवून ते उठून गेले होते. अव्वानं फोन उचलला आणि इतकी वर्षं लपवलेलं एकदम सांगून टाकलं. "कानानं कमी येतंय त्यानला. तीन वरसं झाली. म्हनून तर गाड्या येत न्हाईत आता. तुला सांगू नको म्हनले." मग म्हणाली, "आनि तू गेलास त्या दिवशी, त्या टेम्पोला काय बी झालं नव्हतं बग."

मी इंजिन बंद केलं आणि तिथंच बसून रडलो. उशीर झाला होता, दुसरं काय?

बुधवारी कारखान्यात हे एका सहकाऱ्याला सांगितलं तर तो हसायला लागला. म्हणाला, अरे, व्हिडिओ कॉलमध्ये फोन माणसाचा आवाज तेवढा ठेवतो, बाकीचा गोंगाट समजून कापतो. म्हणजे त्या दिवशी अप्पांच्या कानापर्यंत काही पोचलंच नव्हतं. ज्या आवाजावर त्यांनी जन्म काढला, तो फोनच्या लेखी कचरा होता. माझा इतका संताप झाला की सांगता येत नाही.

मी नीट रेकॉर्डिंग करून पाठवलं. अप्पा ते ऐकायलाच तयार होईनात. "साकु," म्हणाले, म्हणजे पुरे. शेवटी अव्वानं त्यांना पुढच्या रविवारी ओढत गॅरेजात नेलं, आपल्या फोनवरून मला कॉल लावला आणि त्यांचा फोन वर्कबेंचवर ठेवून रेकॉर्डिंग सुरू केलं. अप्पा वाकले. काही नाही. मग त्यांनी भिंतीवरचा तो स्क्रू-ड्रायव्हर काढला, टोक हलकेच फोनवर टेकवलं, मूठ कानामागच्या हाडाला लावली आणि डोळे मिटले.

तीन वेळा ऐकलं त्यांनी. मी इकडे हात पुसत उभा, गिऱ्हाइकासारखा.

"हवा वडतंय," अप्पा डोळे न उघडता म्हणाले. "मॅनिफोल्डच्या बुडाला. मागचा नट बग."

"अप्पा, रोटरीचा आवाज असाच असतो. थोडं अडखळतंच ते."

"पयलं बग. मग शिकव मला."

मॅनिफोल्ड म्हणजे इंजिनात हवा-पेट्रोल नेणारी नळी; तिचा सांधा सैल असला की बाहेरची फालतू हवा आत ओढली जाते. तिचा सगळ्यात मागचा नट हाताला सहज लागत नाही. मी पाना घालून पाहिला आणि कानशिलं तापली. नट नुसता बोटांनी लावलेला होता, नंतर आवळू म्हणून. चौदा महिन्यांच्या कामात तेवढा एकच.

आवळला. पुन्हा रेकॉर्ड केलं, पाठवलं. स्क्रू-ड्रायव्हर पुन्हा फोनवर टेकला.

"कसं कळलं तुम्हाला?" मी विचारलं.

अप्पा प्रथमच हसले. "मागचा नट तू न्हेमीच तसा ठेवतोस की. सातवीपास्नं." मग हातानं माशी वारल्यासारखं करून म्हणाले, "जाऊ दे भाईर."

त्यांनी इंजिन ऐकलं की मला, हे मी अजून सांगू शकत नाही. कान खरंच किती राहिलाय तेही मी विचारलं नाही. घर कुठलं, असं इथं कुणी विचारलं की पूर्वी मी सोलापूरचा नकाशा काढून दाखवायचो. आता वाटतं, आपला कुठला नट सैल राहतो हे ज्याला न बघता कळतं, तो माणूस जिथं बसलाय तेच घर. आणि ते माझ्यापासून फार लांब आहे.

तपासनीस परवा येऊन कागद देऊन गेला. कवितानं फाटक उघडलं. मी गाडीत बसलो, इंजिन सुरू होतं, बाहेरची हवा ओढत नव्हतं. आठ वर्षांपूर्वी टेम्पोखालून जे "जाऊ दे भाईर" ऐकायचं राहिलं होतं ते आता मिळालं होतं, आणि आता मिळाल्यावर माझा पाय काही केल्या क्लचवरून उठेना.